खडकीहून धायरीला, दाट वाफ्याच्या कापणीसाठी

खडकी

खडकीहून धायरीला केलेल्या प्रवासाचं वर्णन माझ्या वाचनात कधी आलं नाही. मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो, तेव्हा असतं तर बहुधा हाताखालून गेलं असतं. लडाखसाठी आमच्या ग्रंथालयात एक अख्खा कप्पा होता. धायरीसाठी काहीच नव्हतं. जे तिकडे राहतात त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि जे खडकीत राहतात ते तिकडे जात नाहीत. मी जाऊन आलो, म्हणून लिहितो.

जाण्याचं कारण राजगिरा. माझी पत्नी वसुधा वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावरही तिने एक काम सोडलं नव्हतं. धायरीला कमलबाई म्हणून एक ओळखीच्या आहेत; त्यांच्या उरलेल्या रानात तिने राजगिऱ्याचे तीन वाफे पेरले होते. पेरणीनंतर काही आठवड्यांतच ती गेली. हृदयाचा झटका आला. जेवणं झाली होती, भांडी व्हायची होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं आली आणि गेली, शेजाऱ्यांचे डबे परत करायचे राहिले. राजगिरा मात्र वाढत होता. त्याला कोणी कळवलं नव्हतं.

मग एका सकाळी तिची शेवटची विद्यार्थिनी रेवती हिचा फोन आला. "काका, फुलोरा धरायच्या आत राजगिरा हार्वेस्ट करायला हवा. हे नाही झालं तर माझ्या थीसिसचा लास्ट चॅप्टर गेला." मग म्हणाली, "मॅडमचाही लास्टच आहे तो."

हे काम दोन माणसांचं होतं आणि दुसरं माणूस वसुधा होती. मला कात्री धरता येते, चिठ्ठ्यांवर सुवाच्य लिहिता येतं. मी म्हणालो, येतो.

धाकटी बहीण नलू खालच्या मजल्यावर राहते. तिला हे पटलं नाही. "धायरीला? मुक्कामाला? तिथे आपलं कोण आहे?"

"राजगिरा."

"आणि गॅलरीतली झाडंझुडं?"

"पाणी घाल. टबालाही घाल."

गॅलरीत एक जुना प्लास्टिकचा टब आहे. वसुधाने पेरणीच्या दिवशी धायरीहून बियाणं आणि पिशवीभर माती आणून तो भरला होता. बसमध्ये त्या मातीचं तिकीट काढायचं की नाही यावरून कंडक्टरशी तिची बरीच चर्चा झाली होती. त्या टबात राजगिरा असा माजला होता की बोट घालायला जागा नव्हती. "पाणी घाला, बाकी हात लावू नका," एवढं तिने मला सांगितलं होतं. ती गेल्यावर टबाला पाणी घातलं की दिवस सुरू झाला, असं मी धरून चाललो होतो. दिवस सुरू होण्याचं दुसरं काही लक्षण घरात उरलं नव्हतं.

"नुसतं रान झालंय ते. मी उपटून टाकते," नलू म्हणाली.

"हात लावू नकोस. वहिनीने सांगितलंय."

"वहिनी आता बघायला येणार आहे का?"

"म्हणूनच."

निघण्याच्या दोन दिवस आधी मी कमलबाईंना फोन केला. न कळवता कोणाच्या दारात जाऊन उभं राहू नये, हे आमच्या घरचं वळण. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे न कळवता आत जाणाऱ्याचं काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं.

"या की दादा," कमलबाई म्हणाल्या. "आपलंच घर हाय. तुमी येताय तर मी समदं नीट करून ठिवते."

काय नीट करून ठेवणार, असं विचारणं मला शिष्टाचाराला सोडून वाटलं. मी आभार मानले.

धायरी

वाटेत सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. सिंहगड रस्त्यावर वाहतूक उभी होती आणि आमची बस तिच्यात उभी होती. मी एक थांबा आधी उतरलो. कोपऱ्यावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना विचारलं, "धायरी फाटा कुठे आला?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही उतरायला हवं होतं तिथे."

पुण्यात आपण किती लांब आलो तरी परका मुलूख लागत नाही, तो यामुळे.

कमलबाईंचं रान म्हणजे चार उंच इमारतींच्या मधला एक पट्टा. एका बाजूला पत्र्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला विहीर, मध्ये दोन खोल्यांचं घर. समोरच्या इमारतीवर फलक आहे, त्यात गॅलरीतून शेत दिसेल असं आश्वासन दिलेलं आहे. ते खरं आहे. कमलबाई वाकून गवत काढतात तेव्हा वरून माणसं चहाचे कप घेऊन बघतात. "वरनं समदी बघत्यात," त्या म्हणाल्या. "खाली कुनी येत न्हाई. तुमच्या बाई तेवढ्या यायच्या."

कमलबाई माझ्याच वयाच्या असतील. वसुधाला त्या बाई म्हणत. मला बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग पदर खोचला आणि ताट वाढलं. आमच्या खडकीत पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग विचारपूस आणि शक्य झालं तर निरोप. धायरीत थेट जेवण. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा आणि राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी, वर लसूण आणि सुकी मिरची चुरचुरीत तळून घातलेली. आमच्याकडे उपास नसतात, त्यामुळे राजगिऱ्याशी माझा संबंध लाडवापुरताही नव्हता. भाजी फार चांगली होती. वसुधा गेल्यापासून मी चवीने असं काही खाल्लं नव्हतं. मी तसं म्हणालो आणि पुन्हा वाढून घेतली.

कमलबाईंना बरं वाटलं. "कवळी हाय. तुमच्याच वाफ्यातली."

तोंडात घास होता. तो मी गिळला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

प्रवासवर्णनात एखादं देऊळ आलं की लेखक त्याचा इतिहास सांगतो. इथे मला वाफ्याचं शास्त्र सांगावं लागेल. वसुधा ते मला जेवताना सांगत असे, आणि बरंच मी ऐकतही असे.

झाडाला शेजारी कळतो. पानं उजेडातला तांबडा भाग खाऊन टाकतात आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा भाग मागे सोडतात. असा उष्टा उजेड अंगावर आला की झाड समजतं, जवळ कोणीतरी आहे. मग त्याच्या आत ऑक्सिन आणि जिबरेलिन ही संप्रेरकं कामाला लागतात. खोड ताणलं जातं, फांद्या फुटायच्या थांबतात, सगळी ताकद उंचीवर लागते. शेजारीही तेच करत असतो. जी झाडं मागे पडतात ती सावलीत सापडतात आणि मरतात. गर्दी आपोआप विरळ होत जाते. आणि गंमत अशी, की राहिलेल्या झाडांचं सरासरी वजन वाढतं तशी त्यांची संख्या साधारण एका ठरावीक प्रमाणात घटते. खास आलेखकागदावर ठिपके मांडले तर ते तिरक्या सरळ रेषेत पडतात. तण असो की रानातलं मोठं झाड, रेषेचा उतार बराचसा तोच.

वसुधाचा प्रश्न असा होता, की हा उतार केवळ जागेच्या हिशोबामुळे येतो, की संप्रेरकांनी लावलेल्या शर्यतीचाही त्यात हात आहे? शर्यतच काढून घेतली तर काय होईल? म्हणून तीन वाफे. पांढऱ्या निशाणाचा विरळ पेरलेला. लाल निशाणाचा अतिशय दाट. निळ्या निशाणाचा तितकाच दाट, पण त्याच्या मातीत एक औषध घातलेलं. आंबेवाले मोहोरासाठी बुंध्याशी घालतात त्यातलंच, खूप पातळ करून. त्याने जिबरेलिन तयार होत नाही आणि झाड बुटकं राहतं. लाल आणि निळा शेजारी ठेवून बघायचे, म्हणजे शर्यतीचा वाटा कळेल. लाल वाफ्यात कोण जगलं, कोण मरायला टेकलं, प्रत्येकाचं वजन किती, हे सगळं कापणीच्या दिवशी मिळणार होतं. म्हणून त्यात हात घालायचा नाही, हा एकच नियम होता.

मी हात धुऊन वाफ्यांकडे गेलो. पांढरा ठीक होता. निळा ठीक होता. बुटकी, गडद हिरवी झाडं अंग चोरून उभी होती. लाल वाफा अतिशय सुबक होता. वीतभर अंतरावर एकेक रोप, मधली माती मोकळी केलेली, कडेने आळं ओढलेलं. शेतकी प्रदर्शनात बक्षीस मिळालं असतं.

रेवती दुपारी स्कूटरवरून आली, पाठीला कागदी पिशव्यांचा गठ्ठा. वाफ्याशी येऊन उभी राहिली.

"काका, हे कोणी केलं?"

"कमलबाईंनी."

"कधी?"

"मी येतोय म्हणून कळवलं तेव्हा."

मला तोवर कमलबाईंकडून सगळं कळलं होतं. बाईंचे मालक येणार, ज्यांच्या घरात नुकतंच असं घडलंय. त्यांना बाईंच्या मागे त्यांचं रान असं माजलेलं दिसू नये. लोकही वरून बघतात. म्हणून त्यांनी अख्खा एक दिवस बसून विरळणी केली. बारीक, पिवळट, मरायला टेकलेली तेवढीच रोपं काढली. नेमकी तीच आम्हाला मोजायची होती. निळ्या वाफ्याला त्यांनी हात लावला नाही, कारण ती झाडं त्यांना शहाण्यासारखी वाटली. मी न कळवता गेलो असतो तर लाल वाफा जसाच्या तसा मिळाला असता. आमच्या घरच्या वळणाने वसुधाच्या कामाचा तिसरा हिस्सा गेला.

"काढलेली रोपं कुठे आहेत?" रेवतीने विचारलं.

"भाजी केली."

"सगळ्यांची?"

"मी दोनदा घेतली."

"लाल वाफ्यातलीच ना? निळ्यातली नाही ना खाल्लीत?" तिचा आवाज एकदम चढला. "त्यात औषध आहे, काका!"

"लाल."

तिने श्वास सोडला. "निळ्यातली खाल्ली असती तर उंची थांबली असती."

"ती तशीही थांबली आहे."

ती मागे येऊन उभ्या राहिलेल्या कमलबाईंकडे वळली. "मुळं? मुळं कुठे टाकली, मावशी? नुसता आकडा तरी मिळेल."

कमलबाईंनी उकिरड्याकडे बोट केलं. उकिरड्यावर शेळी उभी होती आणि काहीतरी चावत होती. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. शेळीने आमच्याकडे बघितलं आणि चावणं चालू ठेवलं.

"हिच्याकडून कसं काढायचं?" रेवती म्हणाली.

मग कमलबाईंना कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय. त्या वाफ्याच्या कडेला बसल्या. "मी तर बाईंसाठी केलं. त्या म्हनल्या व्हत्या, हात लावू नगा. पर त्या व्हत्या तवा. मानूस गेल्यावर त्याचं पसारलेलं आवरून ठिवायचं असतं, न्हवं का दादा?"

आमच्या घरी तिचं काहीच आवरलेलं नव्हतं. चष्मा अजून फ्रिजवर होता.

"चूक माझी," मी म्हणालो. "मी फोन करायला नको होता."

"असं कसं? फोन केल्याबिगर कुनी येतं का?"

हे त्यांचं बरोबर होतं.

उरलेले दोन वाफे कापायचे होते. दव सुकल्यावरच कापायचं, त्यामुळे मुक्काम ठरला होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुडघ्यांवर बसलो. रेवती जमिनीलगत कापायची, मी पिशवीत भरून चिठ्ठी लावायचो. कमलबाई लांब ओट्यावर बसून होत्या. बोलावलं तरी आल्या नाहीत. कडेची ओळ रेवतीने सगळीकडे तशीच ठेवली.

"ही राहिली," मी म्हणालो.

"कडेची घ्यायची नसतात, काका. त्यांना एका बाजूने जास्तीचा उजेड मिळतो. ती गर्दीत असल्यासारखी वागत नाहीत. त्यांना धरलं तर डेटा चुकतो." ती पुढे सरकली. "ती नुसती राखण करायला असतात."

ग्रंथालयात मीही बरीच वर्षं साधारण याच कामावर होतो.

निघताना कमलबाईंनी शिदोरी दिली. रेवतीने डबा उघडून आत काय आहे ते बघितलं. मेथी होती.

वारजे

रेवतीचं घर वारजेला चौथ्या मजल्यावर आहे. कॉलेजच्या वाळवण्याच्या भट्टीत घालण्याआधी पिशव्यांना ऊन द्यायचं होतं, म्हणून आम्ही त्या गच्चीवर मांडल्या. गच्चीवर सोसायटीचा एक नियम लावलेला आहे: 'येथे पापड वाळवू नयेत.' एक वयस्कर गृहस्थ वर आले, त्यांनी पिशव्या बघितल्या, पाटी बघितली, पुन्हा पिशव्या बघितल्या.

"हे काय आहे?"

"राजगिरा," रेवती म्हणाली.

"पापड नाहीत?"

"नाहीत."

"मग ठीक आहे." ते खाली गेले.

रेवतीच्या आईने पोहे आणि चहा दिला. त्या माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या; दुखवट्यातल्या माणसाला कानांचंही काहीतरी झालं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. रेवती पोह्यांना हात न लावता मोबाईलमधले फोटो बघत बसली होती. शेवटी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मागच्या खेपेला काढलेला लाल वाफ्याचा फोटो होता. झाडांची नुसती भिंत, खाली पिवळी, वाळत चाललेली पिल्लावळ.

"बघा. असा होता. आता निळ्याला कम्पेअर करायला काहीच नाही. पुन्हा पेरायचं तर सीझन गेला, आणि मॅडम... मॅडमच्या हातचं तर नाहीच होणार."

मी फोटो नीट बघितला. मला तो ओळखीचा वाटला.

"आमच्याकडे असंच आहे," मी म्हणालो.

"काय?"

"हे. गॅलरीत. टबात."

तिने मोबाईल खाली ठेवला. "कोणी पेरलं?"

"वसुधाने. त्याच दिवशी. बियाणंही हेच आणि मातीही धायरीची. त्या मातीचं तिकीट..."

"आणि त्यात कोणी हात घातला नाही?"

"नाही. घालू नका म्हणाली होती."

"काका, तुम्ही दोन दिवस माझ्याबरोबर आहात!"

"तू विचारलं नाहीस."

रेवतीच्या आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या कानांबद्दलची त्यांची शंका फिटली असावी. रेवती मात्र पोहे खाऊ लागली. खाता खाता म्हणाली, "मॅडम म्हणायच्या, एकदाच पेरलेलं पेरल्यासारखं नसतं. मला वाटायचं, थिअरी सांगतायत." मग तिचा चमचा थांबला. "पण काका... तो टब कापावा लागेल."

हे मला फोटो ओळखला तेव्हाच कळलं होतं.

पुन्हा खडकी

घरी पोचलो तेव्हा नलू टबाला पाणी घालत होती. "लावला नाही हात," तिने आधीच सांगून टाकलं. "फक्त मनात आला होता."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर रेवती आली. गॅलरीत एका वेळी एकच माणूस नीट बसू शकतं. तिने कात्री काढली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"काका, नको असेल तर सांगा. एका टबाने तसंही काही प्रूव्ह होत नाही. फार तर फुटनोट."

वसुधाने हाताने पेरलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं घरात एवढंच होतं. ते न कापलं तर काही दिवसांत फुलोरा धरेल, मग बी धरेल, मग वाळेल आणि मोजायच्या कामाचं राहणार नाही. कापलं तर उद्या सकाळी पाणी कशाला घालायचं, हा प्रश्न होता. शास्त्रात त्याला काही नाव असेल तर वसुधाने मला सांगितलं नव्हतं.

"तू चिठ्ठ्या लिही," मी म्हणालो. "कात्री मला दे."

राजगिऱ्याचं खोड कापताना फार आवाज होत नाही. उंच झाडं आधी कापली, मग त्यांच्या सावलीतली. काही इतकी बारीक होती की दोन बोटांत धरून ठेवावी लागली. काही उभ्याउभ्याच वाळली होती. रेवतीने ती वेगळ्या पिशवीत घेतली. हळूहळू टबाच्या मध्यात माती दिसू लागली. ती धायरीची होती, जरा लालसर. मी कडेच्या झाडांकडे वळलो तेव्हा रेवतीने माझं मनगट धरलं.

"कडेची नाही, काका."

मी विसरलो होतो. टबाच्या कडेने एक रिंगण राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पिशव्या भट्टीतून निघाल्या, वजनं झाली. रेवतीने आलेखकागद आणून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठिपके मांडले. टबाचा ठिपका तिरक्या रेषेच्या बराच जवळ पडला. निळ्या वाफ्याचा जरा बाजूला. बुटकी झाडं कमी मेली होती आणि जास्त संख्येने, पण लहानलहान, जगली होती. शर्यतीचा काही वाटा असावा, एवढंच यावरून म्हणता येतं. त्याहून जास्त म्हणायचं नाही, असं रेवतीने बजावलं. "मॅडमनी ते वाक्यच कापून काढलं असतं." प्रकरणाला मात्र जागा राहिली. फुटनोटमध्ये लाल वाफ्याबद्दल 'अनवधानाने विरळणी झाल्याने वगळला' असं लिहिलं आहे. भाजीचा उल्लेख नाही.

टबातली कडेची झाडं आता वेगळी दिसतात. आतल्या बाजूने उजेड यायला लागल्यापासून त्यांनी उंच होणं जवळपास सोडलं आहे. खोडं जाड झाली, खाली बगलेतून फुटवे आले. त्यांना शेजारी उरला नाही हे पानांना कळलं असणार. मी सकाळी पाणी घालतो.

गेल्या आठवड्यात कमलबाईंचा फोन आला. रविवारी येते, म्हणाल्या; खडकी कधी बघितली नाही. मी नलूला सांगितलं. ती लगेच केरसुणी घेऊन वर आली. "पाहुणे येणार. ती गॅलरी तरी आवर. तो टब बघून काय म्हणतील?"

मी डबे शेजाऱ्यांना परत केले. पुढची खोली झाडली. फ्रिजवरचा चष्मा पुसला आणि फ्रिजवरच ठेवला. गॅलरीत गेलो नाही.

कमलबाई आल्या. मी खडकीच्या पद्धतीने आधी पाणी दिलं, मग चहा. त्या गॅलरीत जाऊन टबाशी बसल्या. एक खालचं पान पिवळं पडून लोंबत होतं. त्यांचा हात त्या दिशेने निघाला, मध्येच थांबला, आणि त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"न्हाई लावत," त्या म्हणाल्या.

मी चहाचा कप त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला. तो घ्यायलाही त्यांनी बराच वेळ हात बाहेर काढले नाहीत.